वाचकांचे प्रश्न : डोनाल्ड फेदरस्टोन आणि टेबलावरच्या लढाया

गेल्या अंकातील छंदविषयक पानावर आम्ही एक लहान टिपण छापले होते. बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांच्या प्रतिमा रंगवून, टेबलावर डोंगर-नद्या मांडून आणि ठरावीक नियमांनी चाली करून ऐतिहासिक लढाया खेळण्याच्या छंदाविषयी, म्हणजे ज्याला सर्वत्र वॉरगेमिंग म्हणतात त्याविषयी, ते टिपण होते आणि त्यात या छंदाचे प्रवर्तक मानले गेलेले ब्रिटिश लेखक डोनाल्ड फेदरस्टोन यांचे स्मरण केले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न व त्यांची उत्तरे पुढे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आपण फेदरस्टोन यांना या छंदाचे प्रवर्तक म्हटले आहे. परंतु प्रसिद्ध कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी या खेळावर त्यांच्या कितीतरी आधी पुस्तक लिहिले होते, असे वाचल्याचे स्मरते. मग हा मान फेदरस्टोन यांना का द्यायचा? (एक वाचक, पुणे)

आपले स्मरण अचूक आहे. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली प्रसिद्ध झाले आणि शिशाच्या खेळण्यातील सैनिकांनी लढाई खेळण्याचे सुसंगत नियम सामान्य वाचकासाठी छापणारे ते पहिले महत्त्वाचे पुस्तक होते. त्याहूनही मागे जायचे तर ‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे आपल्या सावत्र मुलाबरोबर माळ्याच्या जमिनीवर खडूने नकाशा आखून असाच खेळ खेळत असत. परंतु एखादा खेळ प्रथम कोणी खेळला आणि तो अनेकांचा नियमित छंद कोणामुळे झाला, हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि फेदरस्टोन यांचा मान दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

वेल्स यांच्या खेळाचे स्वरूप लक्षात घेतले की हे अधिक स्पष्ट होईल. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यातून १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक निघू लागले होते. पोकळ असल्यामुळे ते जर्मन भरीव सैनिकांपेक्षा हलके आणि स्वस्त पडत. त्याच कारखान्याच्या स्प्रिंगच्या तोफेतून लाकडाची इंचभर कांडी उडत असे. वेल्स आणि त्यांचे मित्र ही तोफ नेम धरून खरोखरच उडवत आणि कांडी लागून जो सैनिक आडवा होईल तो मेला असे समजत. खेळ रंगतदार होता यात शंका नाही, पण हे सैनिक सुमारे ५४ मिलिमीटर उंचीचे असल्यामुळे दोन सैन्ये उभी करायची तर मोठ्या खोलीची सगळी जमीन मोकळी हवी आणि गुडघ्यांवर रांगायची तयारी हवी. ज्याच्या घरात मुलांची स्वतंत्र प्रशस्त खोली आहे अशा माणसाचा तो खेळ होता. पुस्तक निघाल्यानंतर पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यानंतरची कित्येक वर्षे हा खेळ एकमेकांचा पत्ताही ठाऊक नसलेल्या थोड्या हौशी लोकांपुरता राहिला.

फेदरस्टोन यांचा जन्म १९१८ सालचा, लंडनचा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रॉयल टँक रेजिमेंटमध्ये नोकरी केली आणि उत्तर आफ्रिका व इटली येथील मोहिमा पाहिल्या. युद्धानंतर त्यांनी फिजिओथेरपीचा व्यवसाय पत्करला आणि साउदॅम्प्टन फुटबॉल क्लबच्या खेळाडूंच्या दुखावलेल्या गुडघ्या-घोट्यांवर उपचार करण्याचे काम अनेक वर्षे केले. या व्यवसायाशी संबंधित पुस्तकेही त्यांनी लिहिली आणि नर्तकांच्या दुखापतींवरचे त्यांचे पुस्तक लढायांच्या पुस्तकांच्या रांगेत उगाचच गमतीदार दिसते. साउदॅम्प्टनमध्येच त्यांची गाठ टोनी बाथ या दुसऱ्या हौशी माणसाशी पडली. बाथ हे प्राचीन काळातील लढाया, जर्मनीत तयार होणाऱ्या ३० मिलिमीटर उंचीच्या चपट्या सैनिकांनी खेळत. १९५० च्या दशकाच्या मध्याला या दोघांचे खेळ सुरू झाले आणि त्यांच्याभोवती इतर मंडळी जमू लागली.

त्याच सुमारास अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील विसालिया या गावी, जॅक स्क्रूबी नावाचे गृहस्थ रबराच्या साच्यांत छोटे सैनिक ओतून स्वस्तात विकू लागले होते आणि १९५७ मध्ये त्यांनी ‘वॉर गेम डायजेस्ट’ हे या छंदाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. बाथ आणि फेदरस्टोन यांनी त्याचे काही अंक इंग्लंडमधून संपादित केले. १९६१ मध्ये साउदॅम्प्टनला वॉरगेम खेळणाऱ्यांचे संमेलन भरले, ब्रिटनमधील अशा प्रकारचे ते पहिले मानले जाते. १९६२ मध्ये फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘वॉरगेमर्स न्यूजलेटर’ हे स्वतःचे मासिक सुरू केले, जे त्यांनी १९८० पर्यंत चालवले. त्याच १९६२ साली अमेरिकेत जोसेफ मोर्शाउझर यांचेही याच विषयावरचे पुस्तक निघाले होते, म्हणजे काळ अनुकूल होता असे म्हणावे लागते. पण ब्रिटनमधील त्या पिढीच्या खेळाडूंना विचारले, तर सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटात अचानक हाताला लागलेल्या ज्या पुस्तकाने या छंदाची वाट दाखवली, ते बहुधा फेदरस्टोन यांचेच असते.

या पुस्तकाची रचनाच त्यांच्या स्वभावाची साक्ष देते असे मला वाटते. त्यात तीन काळांच्या लढायांसाठी तीन प्रकारचे नियम आहेत आणि ते सर्व फेदरस्टोन यांचे नाहीत. प्राचीन काळाचे नियम बाथ यांचे आहेत आणि दुसऱ्या महायुद्धाचे नियम लायोनेल टार या सहकाऱ्याचे आहेत. प्रत्येक नियमावलीपाठोपाठ एक संपूर्ण लढाई चालीमागून चाल अशी वर्णन करून दाखवली आहे, म्हणजे नियम वाचून जे कळत नाही ते खेळ वाचून कळते. हे नियम अंतिम नाहीत, पटत नसतील तर बदला, आपले स्वतःचे तयार करा, ही भूमिका त्यांनी पुढेही कायम ठेवली. नियमांचा कर्ता म्हणून पाहिले तर त्यांच्या समकालीनांपैकी काहीजण त्यांच्याहून सरस होते. परंतु विखुरलेल्या माणसांना एकमेकांचे पत्ते मिळवून देणे, दुसऱ्याचे काम त्याच्या नावासह आपल्या पुस्तकात छापणे आणि महिन्यामागून महिना अठरा वर्षे मासिक काढत राहणे, ही कामे त्यांनी केली. छंद त्यावर उभा राहिला. २०१३ साली, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावावर चाळीसहून अधिक पुस्तके होती.

प्रश्न : दिवाळीत आपल्याकडे मुले किल्ला करतात आणि त्यावर मावळे मांडतात, त्याचाच हा इंग्रजी प्रकार समजायचा का? प्रत्यक्षात या खेळात नेमके काय करतात, हे टिपणातून समजले नाही. फासे टाकूनच सगळे ठरत असेल तर त्यात डोके ते काय लागते? (दोन वाचक, सातारा व ठाणे)

साम्य आहे ते साहित्याचे आहे. मातीचा डोंगर, त्यावर पेरलेले अळीव किंवा मोहरी, पायथ्याशी तोफ आणि बुरुजावर मावळे ही मांडणी पाहून कोणत्याही वॉरगेम खेळणाऱ्याचा हात शिवशिवेल. परंतु किल्ला हा देखावा असतो, म्हणजे तो पूर्ण झाला की काम संपते. वॉरगेममध्ये मांडणी पूर्ण झाल्यावर काम सुरू होते. दोन्ही बाजूंचे सैनिक चालवायचे असतात, एका चालीत पायदळाने किती इंच आणि घोडदळाने किती इंच जायचे हे ठरलेले असते, चिखलातून किंवा चढावरून जाताना ते अंतर कमी होते आणि प्रत्येक चालीनंतर कोण कोणाच्या माऱ्यात आले हे पट्टीने मोजून पाहायचे असते.

गोळीबाराचा निकाल कसा लागतो, हे त्या पिढीच्या नियमांच्या धर्तीवर एका उदाहरणाने सांगतो. समजा आपल्या वीस सैनिकांच्या पलटणीने समोरच्या कुंपणाआड उभ्या असलेल्या पलटणीवर फैर झाडली. दर पाच सैनिकांमागे एक याप्रमाणे आपण चार फासे टाकायचे. फाशांवर सहा, चार, तीन आणि दोन असे आकडे पडले. अंतर लांबचे म्हणून प्रत्येक फाशातून एक वजा करायचा, शत्रू आडोशाला आहे म्हणून आणखी एक वजा करायचा, की चार, दोन, एक आणि शून्य उरतात, म्हणजे एकूण सात गोळ्या लागल्या. आता प्रतिस्पर्ध्याने प्रत्येक गोळीसाठी एक याप्रमाणे सात फासे टाकायचे आणि ज्यांवर चार किंवा अधिक पडेल ते सैनिक बचावले असे धरायचे. या बचावाच्या फाशाची कल्पना बाथ यांच्या नियमांत होती आणि पुढे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये काढलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या जगप्रसिद्ध खेळातही ती दिसते. शेवटी तीन-चार सैनिक उचलले गेले, की त्या पलटणीचे मनोधैर्य तपासायचे. अधिकारी जिवंत आहे का, शेजारची पलटण पळाली आहे का, किती माणसे पडली, हे सर्व पाहून पुन्हा फासा टाकायचा आणि पलटण उभी राहते, मागे सरकते की शस्त्रे टाकून पळते हे ठरवायचे.

फासेच सगळे ठरवतात का, या शंकेचे उत्तरही या उदाहरणातच आहे. कोणता आकडा पडेल हे खेळाडूच्या हातात नाही, पण लांबून फैर झाडायची की संगिनी लावून जवळ जायचे, कुंपणासमोर उभे राहायचे की वळसा घालायचा, राखीव पलटण आता पुढे आणायची की झाकून ठेवायची, हे त्याच्याच हातात आहे. बुद्धिबळात घोड्याने प्यादे मारायचे ठरवले की प्यादे मरतेच. येथे मात्र हुकूम दिला तरी तो पार पडेलच याची खात्री नसते आणि ते गृहीत धरूनच आखणी करावी लागते. वेल्स यांच्या खेळात ही अनिश्चितता तोफेच्या नेमातून येत असे, म्हणजे ज्याचा हात स्थिर त्याचे सैन्य बलवान, असा प्रकार होई. पुढच्या पिढीने ती बहुतांशी फाशांवर सोपवली, त्यामुळे सैनिक लहान करता आले, खेळ जमिनीवरून टेबलावर आला आणि नेमबाजीपेक्षा निर्णयाला महत्त्व मिळाले. छंद फोफावण्यामागे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण एअरफिक्स कंपनीचे प्लॅस्टिकचे सैनिक. १९५९ पासून बाजारात येऊ लागलेली ही जेमतेम इंचभर उंचीच्या सैनिकांची खोकी शाळकरी मुलाला खाऊच्या पैशांतून घेता येत. त्यांचे प्लॅस्टिक लवचीक असल्यामुळे भाल्यांवरचा आणि संगिनींवरचा रंग टवके निघून पडत असे, ही त्या काळच्या खेळाडूंची कायमची तक्रार होती.

प्रश्न : लष्करात असताना आम्ही वाळूच्या नकाशावर डावपेचांचे सराव केले आहेत. हा छंद त्यातूनच निघाला का आणि फेदरस्टोन यांच्या कामाचा लष्करी शिक्षणाला काही उपयोग झाला का? (निवृत्त अधिकारी, देवळाली)

दोघांचे मूळ एकाच घराण्यात आहे, पण शाखा फार पूर्वी वेगळ्या झाल्या. प्रशियातील जॉर्ज लिओपोल्ड फॉन राइसवित्झ यांनी १८१२ मध्ये राजासाठी टेबलावरचा युद्धखेळ तयार केला आणि त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये त्याला नकाशावर खेळायचे रूप दिले. सैन्याच्या तुकड्यांसाठी ठोकळे, निकालासाठी फासे आणि दोन्ही बाजूंचे हुकूम स्वीकारणारा एक पंच अशी त्याची रचना होती. प्रशियन सैन्याच्या जनरल स्टाफचे प्रमुख फॉन म्यूफलिंग यांनी तो पाहून, हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, असा अभिप्राय दिल्याचे प्रसिद्ध आहे. आपण केलेला वाळूचा सराव या शाखेच्या जवळचा आहे.

फेदरस्टोन यांचा वर्ग नागरिकांचा होता आणि त्यांनी स्वतःला लष्करी शिक्षक म्हणवून घेतले नाही. मात्र दोन शाखांमध्ये येणे-जाणे होते. महायुद्धातील नावाजलेले कमांडो अधिकारी ब्रिगेडियर पीटर यंग हे ब्रिटनमधील सँडहर्स्टच्या लष्करी प्रबोधिनीत लष्करी इतिहास विभागाचे प्रमुख होते आणि त्यांनी जे. पी. लॉफर्ड यांच्यासह १९६७ मध्ये ‘चार्ज!’ हे या छंदावरचे अत्यंत आनंदी पुस्तक लिहिले. प्रबोधिनीतील प्राध्यापक फावल्या वेळात काल्पनिक राजपुत्रांच्या पलटणी टेबलावर नाचवत होते, हे मला त्या छंदाच्या प्रकृतीविषयी बरेच काही सांगणारे वाटते.

प्रश्न : आमचे गाव असईच्या रणभूमीपासून फार लांब नाही. १८०३ ची असईची लढाई या पद्धतीने खेळता येईल का? फेदरस्टोन यांनी हिंदुस्थानातील लढायांवर लिहिले आहे का? (एक शिक्षक, जालना जिल्हा)

आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो. फेदरस्टोन यांनी हिंदुस्थानातील युद्धांवर बरेच लिहिले, परंतु त्यांचा भर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आहे. १८४५-४६ च्या पहिल्या शीख युद्धावर त्यांचे १९६८ चे स्वतंत्र पुस्तक आहे आणि त्याच युद्धातील अलिवालच्या लढाईत लढलेल्या सोळाव्या लान्सर्स या घोडदळाच्या पलटणीवर त्याआधीचे एक आहे. ही पुस्तके वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती ब्रिटिश पलटणींच्या इतिहासांवर आणि ब्रिटिश सैनिकांच्या आठवणींवर उभी आहेत, त्यामुळे समोरच्या सैन्याचे शौर्य त्यांत मनापासून मान्य केलेले असले तरी त्याचे हेतू, त्याच्यातील मतभेद आणि त्याच्या माणसांची नावे धूसर राहतात.

असईची लढाई मात्र या खेळासाठी जणू मुद्दाम घडली असावी अशी आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्लीचे सैन्य आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य यांच्यात ती झाली. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होते. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर लढाई झाल्यामुळे टेबलाच्या दोन कडा निसर्गानेच आखून दिलेल्या आहेत. केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, तेव्हा त्यांच्यामध्ये नदी ओलांडण्याजोगा उतार असलाच पाहिजे असा तर्क वेलस्लीने केला आणि तेथून नदी ओलांडून तो शिंद्यांच्या फौजेच्या डाव्या बगलेवर आला. पोलमनने आपली सगळी रांग काटकोनात फिरवून नव्या दिशेला तोंड केले आणि हे इतक्या शिस्तीने झाले की वेलस्लीचा बगलेवर गाठण्याचा बेत बऱ्याच अंशी फसला.

आता हिशेब पाहू. शिंद्यांचे कवायती पायदळ सुमारे १०,८०० होते आणि वेलस्लीच्या मुख्य फौजेतील लढणारे सैन्य सुमारे ४,५००. एक प्रतिमा म्हणजे पन्नास माणसे असे प्रमाण धरले तर शिंद्यांच्या बाजूला सुमारे दोनशे सोळा आणि वेलस्लीच्या बाजूला नव्वद सैनिक लागतात, म्हणजे जेवणाच्या मोठ्या टेबलावर मावेल असा हा संसार आहे. अडचण येते ती मराठी घोडदळाची. तीस हजारांच्या वरच्या या घोडदळासाठी याच प्रमाणाने सहाशेहून अधिक स्वार लागतील. पण त्या दिवशी हे घोडदळ बहुतांश बाजूलाच उभे राहिले, तेव्हा सहाशे स्वार रंगवण्याऐवजी टेबलाच्या कडेला थोडे स्वार उभे करावेत आणि ते लढाईत उतरतात की नाही हे दर चालीला फाशावर सोडावे. अनुकूल आकडा क्वचितच पडेल असा नियम ठेवला तर वेलस्लीचा खेळाडू दर चालीला धास्तावून तिकडे पाहील आणि शिंद्यांचा खेळाडू दर चालीला चडफडेल. ते त्या दिवसाच्या परिस्थितीला धरूनच होईल.

दोन गोष्टींसाठी खास नियम हवेत. पहिली तोफखाना. शिंद्यांच्या तोफा शंभराच्या आसपास होत्या आणि वेलस्लीच्या हलक्या तोफा त्यांच्यापुढे टिकल्या नाहीत, म्हणून तोफखान्याचे वजन एका बाजूला भरपूर टाकावे लागेल. त्यातही शिंद्यांच्या गोलंदाजांचे एक कृत्य खेळात आलेच पाहिजे : ब्रिटिश पायदळ तोफांवरून पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून मारा केला. म्हणजे तोफ काबीज झाली तरी तिच्याजवळ पहारा ठेवल्याशिवाय ती निकामी झाली असे धरू नये. दुसरी गोष्ट हुकुमांची. वेलस्लीच्या उजव्या टोकाच्या तुकड्या हुकुमाचा अर्थ चुकवून थेट असई गावाच्या तटाकडे गेल्या आणि त्यांच्यामागून गेलेल्या ७४ व्या हायलँडर्स पलटणीची त्यामुळे भीषण हानी झाली. उजव्या टोकाच्या तुकडीसाठी, हुकूम नीट पोहोचला की नाही, याचा फासा ठेवल्यास हे साधेल. त्या दिवशी ब्रिटिश बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजाराच्या वर गेले. जिंकणाऱ्याचे एवढे नुकसान टेबलावरही झाले नाही, तर नियम शिंद्यांच्या पायदळावर आणि गोलंदाजांवर अन्याय करत आहेत असे समजून ते दुरुस्त करावेत. आपल्याला एक सोय आमच्यापेक्षा जास्त आहे, ती म्हणजे रविवारी उठून नदीकाठची चढण प्रत्यक्ष पाहून येता येईल.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीला हे टिपण वाचून हा खेळ हवा आहे. युद्धाचा खेळ करणे मला पटत नाही. आपले मत काय? (एक पालक, कोल्हापूर)

आपल्या मुलीसाठी एक गोष्ट आधी सांगतो. वेल्स यांनी आपले पुस्तक बारा ते दीडशे वर्षे वयाच्या मुलग्यांसाठी आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या ‘अधिक हुशार’ मुलींसाठी असल्याचे उपशीर्षकातच जाहीर केले होते. आज हे वाक्य आगाऊपणाचे वाटते, पण वयाची अट तरी आपली मुलगी पूर्ण करते.

आपला आक्षेप वेल्स यांनाही ठाऊक होता. त्यांनी पुस्तकाच्या शेवटी असे म्हटले आहे की, हा छोटा खेळ तीन-चार वेळा खेळले तरी खरे युद्ध किती धसमुसळे प्रकरण असेल हे कळून येते. पुढच्याच वर्षी जे घडले ते पाहता या युक्तिवादाने कोणालाही थांबवले नाही. फेदरस्टोन आणि यंग यांच्या पिढीने खरे युद्ध अंगावर घेतलेले होते, तेव्हा त्यांना त्याचे भाबडे आकर्षण होते असेही म्हणता येत नाही. माझे मत असे की, हा खेळ माणसाला युद्धखोर करत नाही आणि शांतताप्रिय करतो असाही दावा करू नये. जे टेबलावर येत नाही, म्हणजे तापाने मेलेले सैनिक, लुटलेली गावे, उपाशी बैल, त्याबद्दल घरातील मोठ्या माणसाने बोलावे एवढी अपेक्षा आहे. असईचेच उदाहरण घेतले तर त्या गावात माणसे राहत होती. हे बोलायची आपली तयारी असेल तर मुलीला खेळू द्यावे. तिला इतिहास, भूगोल, त्रैराशिक आणि रंगकाम एकत्रच करावे लागेल.

एक व्यावहारिक सूचना मात्र गंभीरपणे घ्यावी. जुने शिशाचे सैनिक मुलांच्या हाती खेळायला देऊ नयेत, कारण शिसे विषारी असते. मुलांसाठी प्लॅस्टिकचे सैनिक घ्यावेत.

प्रश्न : मी एकटा राहतो आणि माझ्या ओळखीत असा छंद असलेले कोणी नाही. एकट्याने हा खेळ शक्य आहे का आणि सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, डोंबिवली)

शक्य आहे आणि या प्रश्नाचा विस्ताराने विचार फेदरस्टोन यांनीच केलेला आहे. ‘सोलो वॉरगेमिंग’ हे त्यांचे १९७३ चे पुस्तक सर्वस्वी आपल्यासारख्या खेळाडूसाठी आहे. एकट्याने खेळताना खरी अडचण ही असते की, दोन्ही बाजूंचे बेत आपल्यालाच ठाऊक असतात. त्यावर सोपा उपाय असा की, एका बाजूसाठी तीन-चार वेगवेगळे बेत आधीच कागदांवर लिहून ठेवावेत, ऐनवेळी फाशाने त्यांतला एक निवडावा आणि मग तो कितीही गैरसोयीचा वाटला तरी इमानाने पाळावा. हुकूम उशिरा पोहोचणे, पूल मोडलेला निघणे, कुमक वाट चुकणे अशा घटना पत्त्यांवर लिहून दर चालीला एक पत्ता उलटला, तरी दुसरा खेळाडू समोर असल्याचा बराच आभास होतो. दुसरा मार्ग बचावाच्या बाजूचा आहे. किल्ल्याचा किंवा खिंडीचा बचाव करणाऱ्याला फारसे बेत करावे लागत नाहीत, म्हणून बचावाची बाजू ठरावीक नियमांवर सोडून आपण हल्ला करणाऱ्याची बाजू घ्यावी.

सुरुवातीला पैसे फार घालवू नयेत. फेदरस्टोन यांची बरीच पुस्तके जॉन करी यांच्या ‘हिस्टरी ऑफ वॉरगेमिंग प्रोजेक्ट’ या मालिकेत पुन्हा छापली गेली आहेत. भव्य आणि महागड्या प्रतिमांसाठी प्रसिद्ध असलेला ‘वॉरहॅमर’ हा १९८३ मध्ये आलेला काल्पनिक युद्धांचा खेळ याच परंपरेतला असला तरी त्यातून सुरुवात केल्यास खिसा लवकर हलका होईल. त्याऐवजी एकास बहात्तर प्रमाणातील प्लॅस्टिकच्या सैनिकांची दोन खोकी, सहा साधे फासे आणि शिंप्याची टेप एवढे आधी घ्यावे. तेही मिळाले नाही तर जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर पलटणींची नावे लिहावीत आणि पुस्तकांच्या चळतीवर हिरवी चादर पसरून टेकडी करावी. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला चार पलटणी आणि मध्ये एक पूल एवढ्याच मांडणीने आधी काही लढाया खेळून पाहाव्यात. रंग आणि ब्रश त्यानंतर विकत घ्यावेत.